राजीनामा नामंजूर

आमच्या मंडळीत महिन्याच्या शेवटच्या रविवारी उपासनेत साक्षीसाठी थोडा वेळ ठेवलेला असतो. देवाच्या उपकारांबद्दल ज्याला चार शब्द बोलायचे असतील त्याने पुढे येऊन बोलावं, अशी पद्धत. मी वर्षानुवर्षं या साक्षी ऐकत आलोय आणि त्यांचा साचा मला पाठ झालाय. सगळ्या साक्षी भूतकाळात असतात. पोटात गाठ होती, गेली. मुलगा घरी बसून होता, चाकणला लागला. जमिनीचा दावा अडकला होता, निकाल लागला, आणि तोही आपल्या बाजूने. शेवटी साक्ष देणाऱ्याने प्रभूची स्तुती करायची, मंडळीने ‘आमेन’ म्हणायचं आणि पेटीवाल्याने पुढच्या गीताचा सूर धरायचा.

गाठ अजून पोटातच आहे, मुलगा अजून घरातच आहे आणि खरं सांगायचं तर हल्ली प्रार्थनेला डोळे मिटले की फक्त हप्त्याची तारीख दिसते, अशी साक्ष मी आजवर ऐकलेली नाही. कुणी दिलीच तर पाळकसाहेबांची पंचाईत होईल. ‘आमेन’ नेमकं कुठे म्हणायचं ते मंडळीला उमगणार नाही. पेटीवाला तेवढा हुशार आहे. वाक्य पुरं व्हायच्या आत तो सूर धरील.

विश्वासाची कसोटी म्हटलं की उपदेशात हटकून रोमचे सिंह येतात. सिंहांपुढे उभे राहिलेल्यांबद्दल मला अपार आदर आहे. पण नगर जिल्ह्यात राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाच्या वाट्याला सिंह सहसा येत नाही. त्याच्या वाट्याला येतं ते डायलिसिस. विमा कंपनीचं ‘कागदपत्रे अपुरी’ असं पत्र. स्थळांच्या नकारांनी गप्प होत गेलेली मुलगी. सिंहाचं काम एका दुपारी आटोपतं, अर्धांगवायू झालेल्या सासऱ्यांचं अंथरूण मात्र रोज बदलावं लागतं. आणि रोज बदलताना, चादरीची चार टोकं खोचता खोचता, सून मनातल्या मनात देवाला काय विचारत असते, ते कुठल्याही उपासनेच्या पुस्तकात छापलेलं नाही.

माझ्या ओळखीत डार्विन वाचून विश्वास सोडलेला एकही माणूस नाही. सोडलेले सगळे दमून सोडलेले. बरं, नोकरीचा राजीनामा कसा रीतसर टेबलावर ठेवता येतो, तशी इथे सोयही नाही. माणूस आधी बुधवारची प्रार्थनासभा चुकवतो. मग तिसऱ्या बाकावरून सहाव्यावर जातो, सहाव्यावरून दाराजवळच्या. मग फक्त नाताळ आणि गुड फ्रायडे. मग एखाद्याच्या अंत्यविधीला भेटतो तेव्हा आपणच म्हणतो, ‘काय, दिसला नाहीत बरेच दिवस!’ आणि या एका वाक्याने तो पुढची दोन वर्षं पुन्हा दिसत नाही. या प्रवासाचा माझा अभ्यास दांडगा आहे, कारण मी दाराजवळच्या बाकावरचा जुना रहिवासी. येणारेजाणारे सगळे माझ्यासमोरूनच जातात.

या सगळ्यांना आपण टिकून राहण्याचा उपदेश करतो आणि वर पवित्र शास्त्राचा दाखला देतो. आता पवित्र शास्त्र उघडून वाचण्याचा धोका पत्करला तर काय दिसतं? त्यातल्या निम्म्या थोर माणसांनी कधी ना कधी राजीनामा देऊ केलेला आहे.

सगळ्यांत नाट्यमय एलीयाचा. पहिल्या राजे या पुस्तकाचा अठरावा अध्याय म्हणजे त्याचा विजयाचा दिवस. कर्मेल डोंगरावर बआलाच्या 450 संदेष्ट्यांपुढे हा एकटा. त्याच्या प्रार्थनेने आकाशातून अग्नी उतरतो, साडेतीन वर्षं तोंड लपवून बसलेला पाऊस येतो. आमच्या मंडळीत असं काही घडलं असतं तर स्मरणिका निघाली असती. पण लगेच पुढचा, एकोणिसावा अध्याय उघडावा तर ईजबेल राणीचा निरोप येतो, उद्या या वेळेपर्यंत तुला संपवते. आणि अग्नी उतरवणारा हा माणूस जो पळत सुटतो तो पार दक्षिणेला, बैर-शेबापर्यंत. तिथे चाकराला सोडतो, एक दिवसाची वाट रानात चालून जातो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो, बस झालं, माझा जीव घे. जीव वाचवायला पळालेला माणूस जीव घ्यायची विनंती करतो, यातली विसंगती त्याच्या ध्यानात येत नाही. दमलेल्या माणसाकडून सुसंगतीची अपेक्षा करूही नये.

इथे देवाने काय करावं? मी देवाच्या जागी असतो तर (असल्या कल्पना मला दाराजवळच्या बाकावर सुचतात) कालच्या अग्नीची आठवण करून दिली असती. ‘कालच एवढं दाखवलं, आणि आज हे?’ निदान एखादा लहानसा उपदेश तरी. पण देवाचा दूत येतो, त्याला हात लावून जागं करतो आणि सांगतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकरी आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो, पाणी पितो आणि पुन्हा झोपतो. आभारसुद्धा मानत नाही. दूतही रागावत नाही. तो दुसऱ्यांदा येतो, पुन्हा भाकरी, आणि या वेळी फक्त एवढी पुस्ती की वाट लांबची आहे, तुला झेपायची नाही.

धर्मशास्त्राच्या परीक्षेत हा प्रसंग कुठल्या सदरात घालतात, मला माहीत नाही. पण मृत्यू मागणाऱ्या संदेष्ट्याच्या प्रार्थनेला स्वर्गातून आलेलं पहिलं उत्तर म्हणजे दोन वेळचं जेवण आणि मधली झोप, हे मला फार दिलासा देणारं वाटतं. उपदेश आहे, नाही असं नाही. तो 40 दिवसांनी, होरेब डोंगरावर. तोही कसा? एलीया तिथे आपलं गाऱ्हाणं सांगतो: मी तेवढा एकटा उरलो. देव वारा, भूकंप, अग्नी असं सगळं होऊ देतो आणि मग मंद वाणीने पुन्हा विचारतो, तू इथे काय करतोस? एलीया तेच गाऱ्हाणं पुन्हा सांगतो, अक्षरही न बदलता. बाप्तिस्म्याआधी मुलं पाठ केलेली उत्तरं म्हणतात ना, तसं. इतके दिवस वाटेत हेच घोकत आला असणार. देव त्याचा मुद्दा खोडायला बसत नाही. तीन कामं सांगतो, हाताखाली अलीशा देतो आणि जाता जाता कानावर घालतो की बआलापुढे गुडघे न टेकलेली 7000 माणसं शिल्लक आहेत. एकटा उरलेल्या माणसाच्या मोजणीत 6999 ची चूक निघाली.

मोशेचं प्रकरण याहूनही गमतीचं. इस्राएल लोक मिसरच्या गुलामीतून सुटून रानात आले, रोज सकाळी मान्ना मिळत होता, आणि ते रडायला लागले. कशासाठी? तर मिसरात फुकट मिळणारे मासे, काकड्या, खरबुजं, कांदे आणि लसूण आठवले म्हणून. गणनेच्या अकराव्या अध्यायात ही यादी आहे. कांद्यावरून डोळ्यांत पाणी येणारे लोक आमच्याकडच्या कुणालाही परके वाटू नयेत. हे रडगाणं ऐकून मोशे इतका कावला की त्याने देवालाच धारेवर धरलं: ही सगळी लेकरं काय मी पोटी वागवली? असंच चालणार असेल तर मला आत्ताच मारून टाक. देवाने त्याला मारलं नाही. त्याने 70 वडीलधारी माणसं नेमून दिली आणि ओझं वाटून घ्यायला सांगितलं.

त्याच अध्यायात कांद्यासाठी रडणाऱ्यांना मात्र शिक्षा झाली, हेही सांगायला हवं. नाहीतर मी सोयीचं तेवढंच वाचतो असं शब्बाथ शाळेतली मुलं म्हणतील, आणि ती मुलं फार बारकाईने वाचतात. तक्रार दोघांचीही होती. लोक आपापल्या तंबूच्या दारात बसून एकमेकांजवळ रडले. मोशेने जे बोलायचं ते देवाच्या तोंडावर बोलून टाकलं. माझा कयास असा की देवाला आपल्या तक्रारीचं वावडं नाही, पाठीमागे केलेल्या तक्रारीचं आहे. जो अजून भांडायला येतो तो अजून घरातलाच असतो. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रं एवढी आहेत ती काय उगीच? त्यातलं अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळ नाही. ते लिहिणाऱ्याला आमच्या साक्षीच्या रविवारी पुढे येऊ दिलं नसतं, पण देवाच्या ग्रंथात घेतलं.

एक फरक मात्र आहे. एलीयाला दूत भेटला, आपल्याला भेटायला येतात ती माणसं. आणि भेटायला येणारी माणसं हे मूळ संकटाहून निराळं प्रकरण आहे.

ईयोबाच्या पुस्तकाचे 42 अध्याय. मुलं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर गळवं. त्याचे तीन मित्र अलीफज, बिल्दद आणि सोफर लांबून भेटायला येतात. त्याची दशा पाहून रडतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात, एक शब्द न बोलता. इथे त्यांनी उठून घरी जायला हवं होतं. साऱ्या पुस्तकात त्यांनी केलेली उत्तम गोष्ट ती हीच. त्यानंतर ते बोलायला लागतात आणि ईयोबाशी त्यांचा वाद जवळजवळ तीस अध्याय चालतो. तुझं काहीतरी चुकलं असणार. देव न्यायी आहे, विचार कर. मुलांनी पाप केलं असेल. बोलणं सगळं शास्त्रशुद्ध! शेवटी देव स्वतः बोलतो तेव्हा त्याचा राग या तिघांवर निघतो. माझ्याविषयी तुम्ही नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. म्हणजे ज्याने देवाला कोर्टात खेचायची भाषा केली तो पास, आणि देवाची वकिली करणारे नापास. वर पुन्हा त्यांच्यासाठी प्रार्थना कुणी करायची, तर ईयोबानेच.

माझी पत्नी दीर्घ आजारात होती तेव्हा या तिघांचे वंशज आमच्याकडे येऊन गेले. एकांनी आमच्या घराण्यात पूर्वी कुणी मूर्तिपूजक होतं का, याची चौकशी केली. (सगळ्यांच्याच होतं. त्यांच्याही.) एकांनी स्वतःच्या मेव्हणीचा अगदी असाच आजार आणि तिचा शेवट तपशीलवार सांगितला. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातलं अठ्ठाविसावं वचन तर मला इतक्यांनी दिलं की घरात त्याचा साठा झाला. पहाटे पाच वाजता फोन वाजायचा. दवाखान्यातून असेल म्हणून धडपडत उठावं तर व्हॉट्सअ‍ॅपवर उगवता सूर्य, त्यावर पांढऱ्या अक्षरांत तेच वचन. वचनाबद्दल माझी तक्रार नाही. ते लिहिणारा पौल तोवर तीनदा गलबत फुटून समुद्रात पडला होता, यहुद्यांकडून पाच वेळा एकोणचाळीस-एकोणचाळीस फटके खाऊन झाला होता. सगळ्या गोष्टी मिळून कल्याणाकडे जातात, हे म्हणण्याचा हक्क त्याने पाठीवर कमावलेला होता. पहाटे पाचला पुढे ढकलणाऱ्यांची पाठ मी पाहिलेली नाही.

आणि एक मावशी यायच्या. मंडळीत त्यांची गणना विदुषींमध्ये नाही, वचनं त्यांच्या लक्षात राहत नाहीत. येताना डब्यात पिठलं-भाकरी. ‘सलाम. गरम आहे तोवर खाऊन घ्या,’ एवढं बोलून त्या आत जायच्या, मोरीत पडलेली भांडी घासायच्या आणि निघायच्या. मी त्या काळात देवाशी बोलत नव्हतो. म्हणजे भांडतही नव्हतो, जे जास्त वाईट. पण पिठलं खात होतो. देवावर रुसलेल्या माणसाने त्याच्या दूताच्या हातची भाकरी खावी की नाही, हा प्रश्न एलीयाला पडला नाही, मलाही नाही.

मदतीतही एक कसब लागतं, आणि त्यातला माझा आदर्श यिर्मयाच्या अडतिसाव्या अध्यायात आहे. यिर्मया हा संदेष्ट्यांमधला अव्वल तक्रारखोर. देवाने मला फसवलं, असं तो सरळ म्हणतो, आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. त्याला यरुशलेममधल्या सरदारांनी चिखलाने भरलेल्या विहिरीत सोडलं. राजवाड्यातला एबद-मलेख नावाचा कूशी माणूस, म्हणजे परदेशी चाकर, राजाची परवानगी काढतो, माणसं घेतो आणि त्याला वर काढायला निघतो. पण विहिरीकडे जाण्याआधी तो कोठीघरात जाऊन जुनेर आणि चिंध्या गोळा करतो. दोराने त्या खाली सोडतो आणि वरून सांगतो, या काखेत धर, मग दोर लाव. काखा सोलवटू नयेत म्हणून! माणूस मरणाच्या दारात, वर वेढा पडलेलं शहर, आणि याला काळजी काखांची. जुन्या करारात समुद्र दुभंगण्यापासून सूर्य थांबण्यापर्यंत सगळं आहे, पण मला सर्वांत जास्त वेळा आठवतात त्या या चिंध्या. आपण पुष्कळांना दोर टाकतो. ते वर येतातही. पण काखा सोललेल्या असतात, आणि तो दोर ते जन्मभर विसरत नाहीत.

आता अर्ध्यावरून खरोखरच परत गेलेल्या एका माणसाबद्दल. मार्क. पौल आणि बर्णबा पहिल्या फेरीला निघाले तेव्हा हा तरुण मदतनीस म्हणून बरोबर होता. पंफुल्यातल्या पिर्गा गावी पोचल्यावर तो त्यांना सोडून यरुशलेमला घरी गेला. का गेला ते प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात सांगितलेलं नाही. आईची आठवण आली असेल, पुढचे डोंगर पाहून छाती दडपली असेल, पौलाबरोबर दिवसभर चालणं हेही काही सोपं काम नसावं. पुढच्या फेरीच्या वेळी बर्णबा म्हणाला, मार्कला घेऊ. पौल म्हणाला, पळपुट्याला घ्यायचं नाही. यावरून दोघा प्रेषितांचं एवढं जुंपलं की ते वेगळे झाले. पौल सीलाला घेऊन गेला आणि बर्णबा मार्कला घेऊन गलबताने कुप्रला. प्रेषितांची भांडणं अशी उघड लिहून ठेवल्याबद्दल लूकचे आभार मानावेत तेवढे थोडे. आमच्या मंडळीच्या इतिवृत्तात भांडणाच्या जागी ‘साधकबाधक चर्चा झाली’ असं असतं.

त्यानंतर पुष्कळ वर्षांनी पौल कैदेत असताना तीमथ्याला दुसरं पत्र जातं. ते पत्र पौलाच्याच हातचं की नाही यावर पंडितांचा वाद आहे, तो त्यांनी सुखेनैव चालवावा. त्याच्या चौथ्या अध्यायातलं सातवं वचन आमच्या कबरस्तानात पावलोपावली कोरलेलं आढळतं. चांगलं युद्ध लढलो, धाव संपवली, विश्वास राखला, या अर्थाचं. ज्यांना आयुष्यात कधी रिक्षा पकडायलाही धावताना पाहिलं नाही त्यांच्याही दगडावर ते आहे. पण त्याच अध्यायाचं तेरावं वचन अजून कुणी कोरून घेतलेलं नाही. त्यात पौल तीमथ्याला लिहितो की त्रोवसात कार्पाकडे माझा झगा राहिलाय, येताना तेवढा घेऊन ये, आणि पुस्तकंही. पुढे पुन्हा, हिवाळ्यापूर्वी यायचं बघ. देमास सोडून गेला, जवळ एकटा लूक आहे. आणि मधेच एक वाक्य: मार्कला बरोबर आण, त्याचा मला उपयोग होतो.

विश्वास राखलेल्या माणसाला थंडी वाजते. सहा वचनांपूर्वी ज्याने धाव संपवल्याचं सांगितलं तो आता झगा मागतो. त्याला वाचायला काहीतरी हवंय, आणि ज्याच्यावरून जिवलग मित्राशी भांडला तो पळपुटा मार्क जवळ हवाय. शुभवर्तमानांपैकी एक परंपरेने याच मार्कच्या नावावर आहे. त्याला घडवला कुणी? पौलाने नव्हे. आपल्या नात्यातल्या या पोराला दुसऱ्यांदा बरोबर घेण्यासाठी पौलाशी बिघडलं तरी चालेल म्हणणाऱ्या बर्णबाने.

महाराष्ट्रात टिकून राहण्याचा विषय निघाला आणि पंडिता रमाबाईंचं नाव घेतलं नाही तर ते बरं दिसणार नाही. त्यांचं आयुष्य मात्र आपण फार उंचावर नेऊन ठेवलंय. आई-वडील आणि बहीण दुष्काळाच्या काळात गेले, 1880 मध्ये भाऊ, 1882 च्या फेब्रुवारीत पती, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत. 1883 च्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो कडेवरच्या मुलीसह, मनोरमेसह. आता सगळं सुरळीत होईल असं ज्यांना वाटत होतं त्यांत वाँटेजच्या सिस्टर मंडळी असाव्यात. बाई त्यांच्याशी पत्रांतून वाद घालायला लागल्या. सिद्धांतांवरून घालायच्याच, पण गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरंच का, संस्कृत का नकोत, यावरूनही. शाकाहार त्यांनी सोडला नाही. मायदेशी परतल्यावर 1889 साली शारदासदन काढलं, तर 1893 मध्ये मुलींच्या धर्मांतराच्या शंकेवरून रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले. म्हणजे हिंदू समाज म्हणणार या फारच ख्रिस्ती, आणि इंग्रज सिस्टर म्हणणार या पुरेशा ख्रिस्ती नाहीत. सोडून द्यायला दोन्ही बाजूंनी उत्तम सबबी होत्या.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी दुष्काळातून आणलेल्या बायका-मुलींची व्यवस्था लावली, ते सर्वांना ठाऊक असतं. मला त्यांचं दुसरं काम जास्त हलवतं. सबंध पवित्र शास्त्राचं साध्या बायकांना कळेल अशा मराठीत भाषांतर करायचं त्यांनी मनावर घेतलं. हिब्रू आणि ग्रीक त्यासाठी शिकल्या, पन्नाशीच्या आगेमागे. सुमारे 18 वर्षं हे चाललं. मुक्तीच्याच छापखान्यात तिथल्या बायका खिळे जुळवायच्या आणि रमाबाई मुद्रितं तपासायच्या.

ज्याने कधी मुद्रितं तपासली आहेत त्याला हे वेगळं सांगायला नको. आम्हा लिहिणाऱ्यांना आपल्याच आठ पानांची मुद्रितं दुसऱ्यांदा वाचायची म्हटलं की तब्येत बिघडते. पवित्र शास्त्राचे अध्याय 1189. त्यात सगळीच काही स्तोत्रं आणि डोंगरावरचं प्रवचन नाही. लेवीयमध्ये महारोगाची लक्षणं आहेत, निर्गमात मंडपाच्या पडद्यांची मापं आहेत, पहिल्या इतिहासाचे सुरुवातीचे नऊ अध्याय म्हणजे बहुतेक नावंच नावं. त्या नावांचे ऱ्हस्वदीर्घ तपासताना कुणाला दिव्य दर्शन होत असेल, असं मला वाटत नाही. आणि हे चालू असताना, 1921 च्या जुलैत मनोरमा गेली. वयाच्या चाळिसाव्या वर्षी. वाँटेजला कडेवर होती ती, सगळ्यांच्या पाठी उरलेली एकटी, आणि पुढे मुक्ती सांभाळणारी.

त्या आठवड्यात रमाबाईंनी देवाला काय विचारलं असेल, याचा अंदाज बांधायचं धाडस मी करणार नाही. एवढं मात्र खरं की मुद्रितं येत राहिली आणि त्या तपासत राहिल्या. काम हातावेगळं होत आलं आणि 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, 1924 मध्ये, ग्रंथ छापून पूर्ण झाला. त्यांनी तो पाहिला नाही. धीराने टिकून राहण्याचा उपदेश मला आवाज चढवून कुणी केला तर माझं लक्ष पंख्याकडे जातं. पण मुलगी गमावलेली, कमी ऐकू येणारी, साठी उलटलेली बाई पुढचा गठ्ठा ओढून चूक दुरुस्त करते आहे, यापुढे मला कुरकुर करायला जागा उरत नाही. म्हणजे मी कुरकुर करतोच, पण जरा हळू.

तेव्हा साक्षीच्या रविवारबद्दल पाळकसाहेबांना माझी एक विनंती आहे, ती त्यांच्या कानावर इथूनच घालतो. वर्षातून एक रविवार वर्तमानकाळातल्या साक्षींसाठी ठेवावा. ज्यांचं काहीच सुटलेलं नाही त्यांनी पुढे यावं, जे आहे ते सांगावं आणि जागेवर जाऊन बसावं. त्यावर प्रार्थना करायची असेल तर लहान करावी, आणि पेटीवाल्याला त्या दिवशी सुट्टी द्यावी.

आणि वाचकहो, तुमच्या मंडळीतलं कुणी हल्ली दिसत नसेल तर या आठवड्यात त्यांच्याकडे जाऊन या. ‘दिसला नाहीत बरेच दिवस’ हे वाक्य दाराबाहेर चपलांपाशी ठेवा. वचन पाठ असेल तर एकच, तेही त्यांनी विचारलं तर. जेवणाच्या वेळेआधी पोचा, भाजी बेताची तिखट न्या, मोरीत भांडी दिसली तर घासून टाका. आणि डबा परत मागायची घाई करू नका.